डोळा उघडा हाय, पास

मला पत्रकं लिहायची सवय. पत्रकाला दोनच बाजू असतात आणि मागची बाजू कुणी वाचेल याचा भरवसा नसतो, म्हणून सांगायचं ते आधी सांगून मोकळं व्हायचं. तेव्हा मुद्दा असा: मापात नीट उतरलेली डिजिटल आवाजाची वायर वाजताना दगा देत नाही. देते असं वाटलं, तर दोष दुसरीकडे शोधा. बाकीची पानं या एका वाक्याची किंमत काय पडली ते सांगण्यासाठी.

मी मुरब्याची. आई सुकी मच्छी विकते. गावच्या खाडीत कारखान्यांचं घाण पाणी सोडतात त्याविरुद्धच्या चळवळीत पत्रकं वाटत मी मोठी झाले, पालघरला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि बोईसरच्या एमआयडीसीत एका लहानशा कारखान्यात टेस्टिंगला लागले. तिथे आवाजाच्या वायरी बनतात. स्पीकरच्या, माइकच्या, आणि गेल्या काही वर्षांत डिजिटलच्या. तिशीच्या आत आठवणी लिहू नयेत हे मलाही कळतं. पण म्हातारी होईपर्यंत थांबले तर तोवर आणखी किती जणांना गोष्टी विकल्या जातील याचा विचार करून राग येतो, म्हणून लिहिते.

डिजिटल वायर म्हणजे काय, ते मी आईला सांगितलं तसंच तुम्हाला सांगते. किनाऱ्यावर बोट लागली की लिलाव होतो. पुकारणारा आकडा ओरडतो. त्याचा घसा बसलेला असो की गोड असो, 'बारा' म्हणाला की घेणारीच्या कानात बाराच पोहोचतात. गोड गळ्याने पुकारलेले बारा जास्त ताजे नसतात. हां, वारा उलटा असला, पुकारणारा लांब असला, तर बाराचे बावीस ऐकू येतील आणि मग भांडण होईल. डिजिटल वायरीतून सूर जात नाहीत, आकडे जातात. पलीकडे एक डबा असतो, तो आकडे ऐकून त्यांचा पुन्हा आवाज करतो. आकडे नीट पोहोचले तर काम झालं. नाही पोहोचले तर आवाज जरासा 'कोरडा' किंवा 'मऊ' होत नाही. तो कचकच करतो, तुटतो, बंद पडतो.

आई म्हणाली, "येवढाच? मग लोक कशाला भुलतात?"

मी म्हटलं, "तू सुकटीच्या टोपलीवर ओला फडका टाकतेस, तो कशाला? वजन वाढायलाच ना?"

ती म्हणाली, "गप बस."

कोणी म्हणेल, आकडे बरोबर आले तरी त्यांची वेळ हलते, ठोका मागेपुढे पडतो. पडतो. मी नाकारत नाही. पण तेही मोजता येतं, आणि बरा डबा आकडे आधी जमवून घेतो, मग स्वतःच्या घड्याळाने वाचतो. जे मोजता येतं त्याला गूढ म्हणून विकणं याला माझ्या पत्रकात एकच शब्द आहे आणि संपादक तो छापणार नाहीत.

आमच्या टेबलावर काम कसं चालायचं ते सांगते. वायरीच्या एका टोकाने आकडे सोडायचे, दुसऱ्या टोकाला काय पोहोचलं ते स्कोपच्या, म्हणजे विजेचे ठोके रेखून दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर पाहायचं. असंख्य ठोके एकावर एक रेखले की रेषांचं जाळं तयार होतं आणि मधे बदामासारखी मोकळी जागा राहते. तिला डोळा म्हणतात. डोळा टक्क उघडा असला तर पलीकडच्या डब्याला शून्य आणि एक यांत गोंधळ होणार नाही. डोळा मिचमिचा झाला, तर होईल. टेबलावर चौघी बसायच्या. त्यातली मुख्य रतनबाय, मनोरच्या मागच्या डोंगरातली. वायर लावली की ती मोठ्याने बोलायची, "डोळा उघडा हाय, पास." नापास वायर ती टोपलीत अशी फेकायची की सोल्डरिंगवाल्यांना ते आपल्याला फेकल्यासारखं वाटायचं. त्यांनी शेठकडे तक्रारही केली होती. रतनबाय म्हणाली, "मंग नीट जोडा. मी काय आरती करू तुमची?"

या कामात माणसं भेटतात. पालघरला एक निवृत्त साहेब आहेत, त्यांच्या दिवाणखान्यात वायर जमिनीला टेकत नाही. दर हातभर अंतरावर एक छोटा लाकडी पाट, त्यावर वायर, नवरदेव बसवावा तशी. जमिनीला लागली की म्हणे आवाज जड होतो. मी म्हटलं, "साहेब, भिंतीच्या आतून वीज येते ती कुठे पाटावर बसते?" त्यांनी मला चहा दिला नाही. दुसरा एक बोईसरचा लग्नात साउंड लावणारा. त्याने स्टेजपासून मंडपाच्या टोकापर्यंत डिजिटलसाठी माइकची साधी वायर टाकली, पिन तीच बसते म्हणून. घरी तुकडा लावून बघितला तर छान वाजला. मंडपात ऐन हळदीच्या गाण्यात आवाज तुकड्यातुकड्यांनी यायला लागला. तो भांडायला आला तेव्हा मी त्याची वायर टेबलावर घेतली, थोडी थोडी वाढवत नेली आणि म्हटलं, "आता थांब. यापुढे हातभर जरी जोडलीस तरी आवाज तुटेल." पुढचा तुकडा जोडला आणि आवाज तुटला.  म्हणाला, "ये तो भविष्य हुआ मॅडम." मी म्हटलं, "भविष्य नाही, माप." त्या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस खूश होते. त्याच खुशीत मी पत्रक काढलं: 'वायरला सूर नसतो'. रिक्षा स्टँडवर, कंपनीच्या बसजवळ, साउंडवाल्यांच्या दुकानात वाटलं. त्यातली एक ओळ ठळक होती: 'कान खोटं बोलतात, मीटर नाही.'

त्या ओळीवरूनच प्रकरण पेटलं.

आमचे शेठ वाईट माणूस नाहीत. आवाजाचे शौकीन. कारखान्याच्या वर त्यांनी एक खोली केली होती: पडदे, गालिचा, दोन उंच स्पीकर आणि बाहेरून मागवलेला तो आकड्यांचा डबा. त्या डब्याला शेठशिवाय कुणी हात लावायचा नाही. दिवाळीच्या तोंडावर त्यांनी मुंबईच्या एका मोठ्या व्यापाऱ्याला बोलावलं. आमची वायर त्याने आपल्या दुकानात ठेवावी म्हणून. हा व्यापारी डोळे मिटून ऐकतो आणि माल ठरवतो अशी ख्याती. खालच्या बायकांनी त्याचं नाव लगेच कानवाले साहेब ठेवलं.

डब्याच्या पाठीला शेजारी शेजारी दोन सॉकेट. पहिल्यात नेहमी आमचीच वायर असायची; आजची, सकाळी टेबलावर पास झालेली, शेठनी स्वतः लावली होती. दुसऱ्यात साहेबांनी बरोबर आणलेली परदेशी वायर लावली, दोरखंडासारखी जाड. बटण फिरवलं की एकीवरून दुसरीवर जाता येतं. साहेब डोळे मिटून बसले. बटण दोनचारदा फिरलं.

"तुमची कोरडी आहे," ते म्हणाले. "खडा लागतो. ही बघा, कशी वाहते."

शेठचा चेहरा पडला. मी दारात उभी होते. म्हटलं, "साहेब, या वायरीचा डोळा मी सकाळी पाहिलाय."

"मॅडम, तुम्ही डोळ्याने बघता, मी कानाने ऐकतो. म्युझिक मीटरला नाही कळत."

आणि शेठनी टेबलाच्या खणातून माझंच पत्रक काढून माझ्यापुढे धरलं. "हे वाटायला बरं आहे बेन. मला पण ऐकू येतंय, कोरडी आहे. मग खाली चार जणी बसवून मी काय मोजतोय? मापाने आवाज कळत नसेल तर माप कशाला? यापुढे माल साहेबांच्या कानाने पास होईल."

सांगितलं त्यांनी सहज. पण टेबल बंद म्हणजे चौघी घरी. रतनबायचं घर म्हणजे काय, ते मला माहीत होतं. पावसाचं भात निघालं की तिच्या गावातली निम्मी घरं वीटभट्टीवर जातात आणि पोरं शाळेतून उठतात. टेबल मिळाल्यापासून रतनबाय गेली नव्हती. तिची मुलगी पहिल्यांदा एका वर्गात वर्षभर सलग बसली होती. ही गोष्ट कुठल्याही मीटरवर दिसत नाही, म्हणून मी ती शेठना तिथल्या तिथे सांगितली, आणि जरा चढ्या आवाजात सांगितली.

शेठ म्हणाले, "मग सिद्ध करा."

म्हटलं, करते. अट ठरली. डब्यापुढे पडदा ओढायचा, डब्याला हात लावायची आजपुरती मला परवानगी, आणि साहेबांनी पडद्याकडे तोंड करून बसायचं. मी नाणं उडवायचं आणि निघेल त्याप्रमाणे आमची किंवा त्यांची वायर वाजवायची, न सांगता. साहेबांनी ओळखायची. त्यांना ओळखता आली तर टेबल बंद. नाही आली तर टेबलावरचा शब्द शेवटचा. खालच्या चौघींना मी वर बोलावलं. ज्यांच्या पोटाचा प्रश्न आहे त्यांनी समोर असलं पाहिजे, हे मी चळवळीत शिकले. गालिच्यावर चप्पल घालायची नाही म्हणून चौघी दाराशी चपला काढून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

माझी खात्री होती. आकडे आकडे असतात.

साहेबांनी ओळखलं. एकदा, पुन्हा एकदा, पुन्हा पुन्हा. एकही चुकले नाहीत. आणि त्याहून वाईट म्हणजे मधे मलाही ऐकू आलं. आमच्या वायरीवर गाणं असलं की मधूनच एक बारीक 'कच्' यायचं, आणि एका लांब स्वराचा शेवट कुणी नखाने खरवडावा तसा गेला. मी 'कान खोटं बोलतात' छापणारी बाई, आणि माझे दोन्ही कान मला खरं सांगत होते.

 साहेबांनी रुमालाने चष्मा पुसला.

रतनबाय माझ्याजवळ आली आणि हळू म्हणाली, "मॅडम, मीटर सांगतो पास, साहेबाचा कान सांगतो नापास. आमी कोनाचा ऐकावा? सांगा, मंजे मी भट्टीची पिशवी भरते."

"थांब जरा."

"थांबते. मला कुठं बस पकडायची हाय."

मी डब्याच्या मागे गेले. आमची वायर तीच होती, सकाळी टेबलावर डोळा टक्क उघडा असलेली. मग आकडे सांडतायत कुठे? डब्याशेजारी टेबलावर एक काळं रबरी टोपण पडलं होतं. दुसरं सॉकेट आजवर कुणी वापरलं नव्हतं, म्हणून कंपनीने घातलेलं ते टोपण त्यावर तसंच होतं. परदेशी वायर लावायला आज काढलं. मी ते उचललं. टोपणाच्या बरोब्बर मधोमध हळदीकुंकवाचा ठिपका होता.

दसरा नुकताच झाला होता. आमच्याकडे दसऱ्याला सगळा कारखाना धुऊनपुसून निघतो. वायरी सोडवून बाजूला ठेवतात आणि मग लेथपासून टेम्पोपर्यंत प्रत्येकाला हळदकुंकू, झेंडू, आपट्याचं पान. मी पूजेच्या वेळी चहाला बाहेर जाते, तत्त्व म्हणून. वरच्या खोलीतली पूजा शेठ स्वतःच्या हाताने करतात, कारण डब्याला दुसऱ्याने हात लावायचा नाही.

एका सॉकेटवर टोपण होतं, त्या टोपणाला ठिपका लागला. शेजारच्या सॉकेटवर टोपण नव्हतं. मग त्याचा ठिपका कुठे लागला?

 दोन्ही वायरी काढल्या आणि अदलाबदल करून लावल्या. आमची दुसऱ्यात, परदेशी पहिल्यात. पडदा होताच. म्हटलं, "साहेब, आणखी एकदा. फक्त सांगा, कोरडी कोणती."

गाणं लागलं. बटण फिरलं. साहेब लगेच म्हणाले, "ही. ही तुमची. खडा लागतोय."

"नक्की?"

"मॅडम, माझं आयुष्य गेलं यात."

मी पडदा सरकवला. दोरखंडासारखी जाड वायर पहिल्या सॉकेटमध्ये होती. ती वाजत होती, आणि कचकचत होती.

खोलीत नुसतं गाणं चालू राहिलं. मग रतनबाय म्हणाली, "अगो बाय."

मी शेठना टॉर्च मागितली. सॉकेट म्हणजे बाहेर धातूचं एक कडं आणि मधे एक भोक. लांबून पाहिलं तर खरंच कपाळासारखं दिसतं, कुणालाही टिळा लावावासा वाटेल. शेठनी ओल्या हळदीकुंकवाचं बोट त्यावर टेकवलं होतं आणि बोट फिरवताना थोडं कुंकू आतही गेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यावरच पिन दाबून बसवली. इथली खारी दमट हवा. कड्यावर पिवळा-लाल थर वाळून बसला होता आणि त्याखाली धातू हिरवट व्हायला लागला होता. पिन कधी टेकत होती, कधी नाही. कुणी जड पावलांनी चाललं की हलत होती. टेकली नाही की आकडे सांडत होते आणि डबा बिचारा अंदाजाने भोकं बुजवत होता. ते अंदाज म्हणजे साहेबांचा 'खडा'.

अंदाजावर मी थांबणार नव्हते. खालून स्कोप वर आणला, चौघींनी पायऱ्यांवरून सांभाळून चढवला, आणि यावेळी वायरीच्या टोकाशी न लावता सॉकेटच्या आतल्या बाजूला लावला. डबा उघडायला शेठनी स्वतः पेचकस दिला. स्कोपच्या पडद्यावर डोळा आला. मी पिनेला बोटाने जरासा धक्का दिला.

रतनबायने वाकून पाहिलं. "डोळा लवतो, मॅडम. मिटतो, उघडतो, मिटतो. नापास."

"वायर नापास?"

"वायर नाय. घर नापास."

शेठ म्हणाले, "मी देवाचं केलं. त्यात चूक काय?"

मला त्या क्षणी एक अख्खं पत्रक सुचलं होतं, दोन्ही बाजूंचं. पण रतनबाय आधी बोलली. "शेट, देवाचाच करा. पन कुकू कपालाला लावतात, तोंडात कोंबत नाय."

आधी शेठ हसले. मग सगळेच हसले, साहेब सोडून.

स्पिरिट आणि कापसाने सॉकेट घासून पुसलं. पुन्हा लावलं, पुन्हा नाणं उडवलं. आता साहेब एकदा हिला कोरडी म्हणाले, एकदा तिला. शेवटी म्हणाले, "आज लाइन चांगली नाही. बोईसरला व्होल्टेजचा प्रॉब्लेम असतो." माणूस हरला की वीज मंडळाला दोष देतो, ही सवय सगळ्या थरांत आहे.

पण एक गोष्ट मी त्यांच्या बाजूने लिहिणार, कारण खरी आहे. साहेबांचा कान खोटं बोलला नव्हता. खडा होता. कानाने सांगितलं की काहीतरी बिघडलंय, आणि ते बरोबर होतं. काय बिघडलंय, हे कानाला सांगता येत नव्हतं, आणि कानाने ते वायरीच्या माथी मारलं, कारण ऐकायला बसताना डोक्यात वायरच होती. माझं मापही खोटं नव्हतं. पण मी माझ्या टेबलावरचा डोळा पाहिला आणि त्यावरून वरच्या खोलीचं सांगितलं, आकडे शेवटी पोहोचतात तिथे पाहायला गेलेच नव्हते. माप आवाज सांगतं का? सांगतं. चोख सांगतं. फक्त अख्खी वाट मोजायला हवी, आपल्या अंगणापुरती नाही. पत्रकाच्या दुसऱ्या आवृत्तीतून ती ठळक ओळ मी काढली. तिच्या जागी लिहिलं: 'कानाने तक्रार करावी, मापाने चौकशी.' पहिली ओळ जास्त टाळ्या घ्यायची, याचं थोडं वाईट वाटतं.

टेबल राहिलं. शेठनी शब्द पाळला, एवढंच नाही तर टेबलाची हद्द वाढवली. आता माल जाताना वायरीबरोबर ज्यात ती लागणार त्या सॉकेटचीही तपासणी होते, आणि साउंडवाले आपले डबे घेऊन रतनबायपुढे रांग लावतात. ती त्यांना साफसफाईवरून असं बोलते की काही जण आधी घरी पुसून आणतात. साहेबांनी माल घेतला. त्यांच्या दुकानात आमची वायर 'वाहती' म्हणून विकतात असं कळलं. मी त्यांना एक पत्रक पोस्टाने पाठवलंय. उत्तर नाही. पुन्हा पाठवीन.

भट्टीचा हंगाम लागला तेव्हा मी मुद्दाम विचारलं, "रतनबाय, पिशवी?"

"कांदे ठेवलेत तिच्यात," ती म्हणाली. "पोरीची परीक्षा हाय."

यंदाचा दसरा झाला. मी चहाला गेले नाही. मला जाताच येत नाही आता. सकाळी लवकर आम्ही पाचजणी रबरी टोपणांचा डबा घेऊन कारखाना फिरलो, खालून वर, प्रत्येक उघड्या तोंडावर टोपण. देव न मानणारी मी, आणि माझ्याशिवाय पूजा सुरू होत नाही. शेठ धुतलेल्या सदऱ्यात, हातात हळदीकुंकवाचं ताट घेऊन वरच्या खोलीच्या दाराशी आले, आणि त्यांनी बोट बुडवलं.

"थांबा शेट," डब्याच्या मागून रतनबायचा आवाज आला. "आजून एक राहिलाय."

शेठ ताट धरून थांबले.